गच्च्यांवर पसरलेलं दुकान

दसऱ्याला लुटलेली आपट्याची पानं देवघरात सुकत असतात, तोवर डोंबिवलीवर ते ऊन उतरतं. चार महिने भिजून जड झालेल्या इमारती त्या उन्हात हळूहळू सैल होतात. भिंतींवरचं शेवाळ आधी काळं पडतं, मग त्याचे पापुद्रे सुटतात. गच्च्यांवर गाद्या येतात, उशा येतात, कपाटाच्या तळाशी कुबट झालेले शालू येतात. वारा फिरला की एमआयडीसीकडचा आंबूस वास येतो आणि बायका वाळत घातलेले कपडे नाकाला लावून बघतात. रिक्षाच्या रांगेतली माणसं मानेमागचा घाम टिपत ‘काय ही ऑक्टोबर हीट’ म्हणतात. या उन्हाबद्दल चांगलं बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

मला मात्र ते आवडतं. परवा सकाळी गोधड्या घेऊन गच्चीवर गेले, कठड्यावर हात टेकला, तो चटकन भाजला, आणि बारा वर्षांपूर्वीचा तो सगळा मोसम तळहातातून वर चढत आला. सुपांचा सळसळाट, घामाने भिजलेले पदर, तांदळाच्या कोंड्याने पांढऱ्या झालेल्या भुवया. त्या वर्षी आमचं दुकान बंद पडणार होतं, आणि ते बंद पडण्याचं कारण मी होते.

दुकानाचं नोंदणीचं नाव एवढं लांब आहे की पाटीवर ते दोन ओळींत लिहावं लागलं. ते कुणी वाचत नाही. सगळे त्याला ‘आपलं दुकान’ म्हणतात. त्याला एक मालक नाही. जे सभासद तेच मालक, आणि आठवड्यातले दोन तास काउंटरवर बसणारे, गोण्या उतरवून घेणारे, झाडू मारणारेही तेच. माल येतो तो मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्यांकडून, आणि तो रासायनिक खत आणि फवारणीशिवाय पिकवलेला असतो. आज डोंबिवलीत आमची दोन दुकानं आहेत, ठाण्यात एक आहे, आणि गेल्या वर्षी कळव्याच्या सभासदांनी स्वतःचं उघडलं. उद्‌घाटनाला गेले तेव्हा तिथल्या मुलींनी मला विचारलं, “काकू, हे सगळं सुरू कसं झालं?” मी म्हटलं, एका सहलीमुळे.

शैलाताई आमच्या इथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. माहेर साताऱ्याकडचं, आवाज खणखणीत, आणि प्रश्न पडला की तो सोडायचा नाही ही सवय. एकदा शाळेची सहल घेऊन त्या मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला गेल्या होत्या. बाळाराम नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात मुलं डबे खायला बसली. घरामागे भाताची खाचरं होती. मोठी खाचरं गडद हिरवी, कापल्यासारखी एका उंचीची. कोपऱ्यातलं एक लहान खाचर मात्र फिकं आणि उंचसखल. हे असं का, शैलाताईंनी विचारलं.

“ती मोठी विकायची, बाई. त्यांना खत मारतो, औषध मारतो,” बाळाराम म्हणाला. “हे घरचं. पोरंबाळं खातात, त्याला काय नाय मारत.”

त्याने हे अगदी सरळ सांगितलं. लपवण्यासारखं त्यात त्याला काही वाटलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती आणि शैलाताई मागे पडणारी खाचरं बघत होत्या. आठ दिवसांनी त्या एसटीने एकट्याच पुन्हा गेल्या आणि त्याला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी घरचं जरा जास्त लाव. आम्ही घेऊ.”

“आम्ही म्हणजे कोण?” बाळारामने विचारलं.

ते शैलाताईंनाही माहीत नव्हतं. “सात घरं,” त्यांनी ठोकून दिलं, आणि डोंबिवलीत परत येऊन सात घरं शोधली. त्यातलं एक आमचं.

पहिल्या वर्षी तो तांदूळ शैलाताईंच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरला. दोन स्कूटर बाजूला सारून जागा केली होती. तांदूळ लालसर होता, पॉलिश नसलेला, आणि गोणीचं तोंड सोडल्यावर आलेला वास मी त्याआधी कधी घेतलेला नव्हता. गवत, माती आणि थोडंसं दूध. घरी भात केला तेव्हा सासूबाई एक घास बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, “चावायला लागतंय, पण चव आहे.” त्यांच्या तोंडून एवढी स्तुती माझ्या कुठल्याही स्वयंपाकाला मिळाली नव्हती.

सातांची सत्तर घरं झाली, मग त्याहून जास्त. पार्किंगवाले कुरकुरायला लागले, तेव्हा गिरणीशेजारचा गाळा मिळाला. तो जनाबाईंचा. जनाबाई इथल्या मूळच्या आगरी. आमच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती त्यांच्या सासऱ्यांची भातशेती. हातात सोन्याच्या पाटल्या, पायात स्लीपर, आणि गाळ्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुकट निवडणं हा दुपारचा उद्योग. त्यामुळे आमच्या दुकानात पहिली काही वर्षं तांदळाला सुकटीचा आणि सुकटीला तांदळाचा वास होता. एकादशीवाले सभासद नाक मुरडायचे. जनाबाई त्यांना निवांत विचारायच्या, “काय घेतलास बाय? लाल हाय का तो? तोच घे. त्याची भाकर मऊ होते.”

आता त्या वर्षाबद्दल.

त्या वर्षी धान्य सांभाळायची जबाबदारी माझी होती. आमच्या मालाला कुठलीच पावडर लावलेली नसते, म्हणून पावसाळ्यात त्यावर लक्ष ठेवावं लागतं. दर आठवड्याला गोण्या हलवायच्या, पुढच्या मागे आणि मागच्या पुढे करायच्या, आत हात घालून बघायचं, कडुनिंबाचा पाला बदलायचा. काम सोपं आहे, फक्त ते चुकवायचं नाही. मी तेव्हा ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते. संध्याकाळी डोंबिवलीला उतरले की घरी जाण्याआधी दुकानात जायचे. श्रावणात सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखाना, मग घर, बेडपॅन, फिजिओ, कोर्ट. दुकानात जायचे, पण पाच मिनिटं. पुढच्या रांगेवर हात फिरवायचा, दिवा मालवायचा, निघायचं. मागच्या रांगेला मी सहा-सात आठवडे हातच लावला नाही. मागची भिंत त्या पावसात आतून पाझरत होती, ते मला दिसलंच नाही.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी सामंतवहिनी स्टीलचा डबा घेऊन आल्या. पहिल्या सात घरांतल्या त्या एक. त्यांनी काउंटरवर डबा ठेवला आणि झाकण काढलं.

“सुनीता, बघ.”

तांदळावर टोके, ते बारीक काळे किडे, फिरत होते. एखाददुसरा नव्हे, सगळा पृष्ठभाग हलत होता. माल घ्यायला आलेली दोन माणसं मागच्या मागे सरकली. मी आत गेले, मागच्या रांगेतली पहिली गोणी सोडली आणि कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. झोपलेल्या जनावराच्या पोटाला हात लावावा तशी ऊब. हात बाहेर काढला तेव्हा टोके मनगटाच्या वर चढले होते. गव्हाला पोरकिडा लागला होता, तुरीच्या डाळीत जाळी धरली होती. दिवाळी चार आठवड्यांवर होती. लोक चकलीच्या भाजणीची यादी देऊन गेले होते.

बातमी दोन दिवसांत भाजीबाजारापर्यंत गेली. कुणी म्हणालं, नैसर्गिक म्हणजे किड्यांसकट. कुणी सभासदत्व सोडतो म्हणून निरोप ठेवला. काही जण काहीच न बोलता यायचे थांबले, आणि ते जास्त लागलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात सभा झाली. बुटक्या बाकांवर गुडघे वर करून माणसं बसली होती. पहिले बोलले मोघेकाका. एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि दुकानावर त्यांचा मनापासून जीव होता, हे आधी सांगायला हवं. “धुरी देणाऱ्या गोळ्या मिळतात,” ते म्हणाले. “ताडपत्रीखाली सगळा माल बंद करायचा. आठवडाभरात एकूण एक किडा मरतो. मोठी गोदामं हेच करतात. मी स्वतः उभा राहून करून देतो. दुकान वाचेल.”

“आणि पाटीवरचं ‘विषमुक्त’ कोण पुसणार?” शैलाताईंनी विचारलं.

“पाटी राहायला दुकान तर राहू दे.”

मागून एक जण म्हणाला की माल गोशाळेला द्या आणि विषय संपवा, आपण नोकरदार माणसं, हे आपलं काम नाही. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. मी उभी राहिले.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “मागची रांग मी बघितली नाही. सहा-सात आठवडे. घरी अडचण होती, पण मी तसं कुणाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणी बघितलं असतं.” पर्समध्ये लिहून आणलेला राजीनामा मी शैलाताईंसमोर ठेवला. कोर्टात मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कबुल्या उतरवून घेतल्या होत्या. स्वतःची देताना जीभ टाळूला चिकटते, हे त्या दिवशी कळलं.

तेव्हा दारातून आवाज आला. जनाबाई सभासद नव्हत्या, गाळ्याच्या मालक म्हणून चौकटीला टेकून उभ्या होत्या.

“भित माजी हाय,” त्या म्हणाल्या. “पानी माज्या भितीतना आला. मंग चूक माजी बी हाय. अर्धी हिची, अर्धी माजी. आता पुढचा बोला.” मग मोघेकाकांकडे वळून म्हणाल्या, “किरं परली म्हंजे तांदुल खरा हाय. कशाला मारताव? उनाला घाला, ती आपली आपन जातान. उरलेली सुपान पाखरायची. आमचे घरान दर वर्साला हाच धंदा होता.”

“अहो पण एवढ्या गोण्या,” मोघेकाका म्हणाले. “वाळवायला जागा कुठून आणायची?”

शैलाताईंनी खिडकीबाहेर बघितलं. पावसाने धुतलेल्या इमारती एकामागे एक उभ्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामी गच्ची आणि पाण्याची टाकी. “जागा आहे की,” त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सगळा माल गच्च्यांवर काढायचा, असा ठराव मांडला. अर्ध्याहून थोडे जास्त हात वर झाले. मोघेकाकांनी हात वर केला नाही. सभा संपल्यावर शैलाताईंनी माझा राजीनामा मला परत दिला. त्यावर लाल पेन फिरलेलं होतं. मी घाईत ‘राजीनामा’तला ‘जी’ ऱ्हस्व लिहिला होता, तो त्यांनी दुरुस्त केला होता आणि खाली लिहिलं होतं: ‘जी दीर्घ. बाकी नामंजूर.’ मी शाळेच्या जिन्यात उभी राहून आधी हसले आणि मग रडले.

त्या संध्याकाळी मी बाळारामला फोन केला. तोवर त्याच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या बऱ्याच घरांनी मोठी खाचरंही फवारणीशिवाय करायला सुरुवात केली होती, ती आमच्या भरवशावर. मी त्याला सगळं खरं सांगितलं. म्हटलं, या वर्षीचा नवा भात घेऊ शकू की नाही, सांगता येत नाही.

“कापणी लागलीय, ताई,” एवढंच तो म्हणाला. फोन ठेवला गेला. मला वाटलं, तो चिडला. चिडायचा त्याला हक्क होता.

तो आठवडा मी जिने चढण्यात घालवला. कोर्टातून परत आले की शैलाताई आणि मी एकेका सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारात. एक म्हणाले, गच्ची गळते. एक म्हणाले, कबुतरं येतील. एकांनी चहा दिला आणि नकार दिला. एका बाईंनी दार उघडं धरून नुसतं विचारलं, “टोके घरात येणार नाहीत ना?” आम्ही म्हटलं, येणार नाहीत असं सांगता येत नाही. त्यांनी विचार केला आणि किल्ली दिली. शुक्रवारपर्यंत सहा गच्च्या जमल्या.

रविवारी पहाटे मी उठले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. परतीच्या पावसाचे ते करडे ढग, खाडीकडून येणारे. सहा वाजता दुकानापाशी आम्ही अकरा जण होतो. शैलाताई, सामंतवहिनी, जनाबाई आणि त्यांच्या दोन सुना, आणखी चार-पाच. सामंतवहिनींनी आपला तोच डबा आणला होता, पदर खोचला होता, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मी डबा दाखवला, सोडून जाते म्हटलं नव्हतं.” अकरा माणसं आणि एवढ्या गोण्या. आभाळाकडे कुणी मुद्दाम बघत नव्हतं.

मग कोपऱ्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. पुढे बाळाराम बसला होता. मागे त्याची बायको, भाऊ, वाडीतल्या दहा-बारा बाया, आणि त्यांच्या मांडीवर सुपांची चळत. त्या टेम्पोतून एकामागे एक खाली उतरल्या, पायऱ्या उतराव्यात तितक्या सहज. कापणी अर्धी टाकून ते सगळे पहाटे निघाले होते.

“तुम्ही चिडलात असं वाटलं मला,” मी बाळारामला म्हटलं.

“चिडलेलो ना,” तो म्हणाला. “भात घेऊ की नाय सांगता येत नाय बोललात म्हणून. या बायांना विचारलं, तर बोलल्या, शहरातल्या बायांना पाखडता येत नसेल, चला.”

त्याच सुमारास मोघेकाका आले. डोक्याला रुमाल, हातात प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर. “मी मत विरुद्ध दिलं होतं,” ते शैलाताईंना म्हणाले. “अंगमेहनत विरुद्ध द्यायची काही तरतूद नाही.”

शैलाताईंचा बेत असा होता की सगळं धान्य भर उन्हात पसरायचं. जनाबाईंनी पहिल्याच गोणीपाशी हात आडवा धरला. “गहू घाल, डाल घाल. यो तांदुल तापल्या उनान नको. तुकरं परतील, नुसती कनी हाती येल. याला कवला ऊन आनि मंग सावली.” मोघेकाकांनी थर्मामीटर वर केला, जनाबाईंकडे बघितलं, आणि तो खिशात ठेवला. दिवसभर कुठल्या गच्चीवरचा तांदूळ कधी आत घ्यायचा, हे जनाबाईंनी तळहात दाण्यांवर टेकवून ठरवलं. मोघेकाका मागून गुपचूप थर्मामीटर लावून बघायचे आणि मान हलवायचे.

साडेसातला ढग पांगले. असं कोवळं, स्वच्छ ऊन मी आयुष्यात पुन्हा बघितलेलं नाही. जुन्या साड्या, चादरी, ताडपत्र्या, कुणाच्या लग्नातली सतरंजी, सगळ्यावर तांदूळ पातळ पसरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टोके हलायला लागले. आधी दाण्यांमधून वर, मग चादरीच्या काठाकडे, मग कठड्यावर काळ्या बारीक रांगा. एकेक किडा उन्हाला कंटाळून आपल्या पायांनी निघून चालला होता. शैलाताई उकिडव्या बसून ते बघत राहिल्या. म्हणाल्या, “तीस वर्षं प्रकाश आणि उष्णता शिकवली. हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता.”

दहाच्या सुमारास तांदूळ जिन्यांच्या सावलीत उतरला आणि त्याच्या जागी गहू चढला. आता प्रत्येक मजल्यावर सुपं चालत होती. वाडीच्या बाया भिंतीला पाठ लावून ओळीने बसल्या होत्या. त्यांच्या मनगटाच्या एका झटक्यात दाणे हवेत जायचे आणि कोंडा, जाळी, पोकळ दाणे वाऱ्यावर सुटायचे. आमच्या हातातून निम्मे दाणे जमिनीवर. त्या हसायच्या, सूप काढून घ्यायच्या, पुन्हा दाखवायच्या. जिन्यातून दूध घेऊन, पेपर घेऊन जाणारी माणसं अडायची. तांदळावर पाय पडू नये म्हणून कठड्याला धरून वर चढायची. हे काय चाललंय, विचारायची. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ चिडून दार उघडून बाहेर आले, काही बोलणार तोच बाळारामच्या बायकोने त्यांच्या हातात चाळण दिली. ते दुपारपर्यंत चाळत होते. बाराच्या सुमारास मी मोजायचं सोडून दिलं. ज्यांनी सभेत हात वर केला नव्हता ते होते, ज्यांनी सोडतो म्हणून निरोप ठेवला होता त्यांतले होते, आणि ज्यांना मी कधी बघितलंही नव्हतं ते होते. सहा गच्च्यांच्या नऊ झाल्या. गच्ची गळते म्हणणारे सेक्रेटरी स्वतः किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, गहू चालेल.

एकदा पाण्याचा तांब्या घेऊन मी सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीवर गेले. जनाबाई एकट्याच टाकीच्या सावलीत उभ्या होत्या. तिथून बाकीच्या गच्च्या दिसत होत्या. सगळीकडे धान्य. पिवळा गहू, केशरी डाळ, जिन्यांच्या तोंडाशी लालसर तांदूळ, आणि त्यात वाकलेली माणसं.

“या बिल्डिंगीच्या जाग्याव आमचं खलं होतं,” त्या म्हणाल्या. “सासरा हितं बैल फिरवायचा. जमीन इकली तवा मना वाटला, आता हितं परत दाना परनार नाय.” त्या तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी प्यायल्या आणि पदराने तोंड पुसून खाली बघत राहिल्या.

सूर्य कलला तेव्हा दुकानाची मागची भिंत बाळारामच्या भावाने खरवडून काढली होती आणि जनाबाईंच्या मुलाने वॉटरप्रूफिंगवाला गाठला होता. वाईट निघालेला माल गोठ्यांकडे आणि कोंबड्यांकडे गेला. तो होता, पण आम्ही धरलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी. बाकी सगळं कोरड्या पिंपांत भरलं गेलं, ताज्या कडुनिंबासह. जनाबाईंच्या सुनांनी त्याच तांदळाचा भात आणि वालाचं बिरडं केलं, आणि पार्किंगमध्ये सगळे जेवायला बसले. मोघेकाकांनी तीनदा भात घेतला. मी सासूबाईंसाठी डबा भरून घरी नेला. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. खिडकीतून दिवसभर त्यांनी समोरच्या दोन गच्च्या बघितल्या होत्या. “मला एक सूप आणून द्यायचं होतंस,” त्या रागावून म्हणाल्या. “हात मोडलेले नाहीत माझे.”

त्या दिवाळीला दुकानासमोर रांग होती. भाजणीचा वास गिरणीतून गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. गच्चीची पहिली किल्ली देणाऱ्या बाई त्या आठवड्यात सभासद झाल्या, दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही झाले. आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बाळारामचा टेम्पो नव्या भाताच्या तांदळाने भरून आला, आम्ही न सांगता. त्याने विचारलं नाही, आम्हीही काही म्हटलं नाही, गोण्या उतरवून घेतल्या.

मी पुढे चार वर्षं धान्य सांभाळलं. आता आमच्याकडे ते काम एकट्या माणसाकडे कधीच देत नाहीत, दोघांकडे देतात, आणि अडचण असली तर ती सांगणं हा कामाचाच भाग धरला जातो. कळव्याच्या मुलींना मी तेवढंच शिकवलं. बाकीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं.

शैलाताई आता कमी फिरतात, पण सभेला येतात आणि अजून शुद्धलेखन तपासतात. जनाबाई त्याच वर्षी सभासद झाल्या. गाळ्याबाहेरची खुर्ची तीच, सुकट तीच. त्यांच्याकडे जमिनीचा एक शेवटचा तुकडा उरलाय, दोन टॉवरच्या मधला, वर्षानुवर्षं गवत माजलेला. त्याला गिऱ्हाइकं खूप आली. मुलांचा विकायचा विचारही होता. या पावसाळ्यात जनाबाईंनी घरात सांगून टाकलं की तिथे भात लागणार. बाळारामने बियाणं आणलं. लावणीला आम्ही पंचवीस-तीस जण चिखलात होतो, मोघेकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. वरच्या बाल्कन्यांतून लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. गेल्या आठवड्यात कापणी झाली.

काल दुपारी त्या भाताच्या तांदळाची पहिली गोणी दुकानात आली. आमच्याकडे प्रत्येक गोणीवर ती कुठल्या गावाहून आली ते लिहितात. मार्कर घेऊन मी खाली वाकले आणि थांबले. पत्त्यात आता तिथे सेक्टर आणि फेज असतं. मी जनाबाईंकडे बघितलं. त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. ते नाव आता रिक्षावालेसुद्धा घेत नाहीत, स्टॉपच्या पाटीवरही उरलेलं नाही. मी ते अक्षर अक्षर विचारून लिहायला लागले.

जनाबाई खुर्चीवरून उठून जवळ आल्या, गोणीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मोठ्ठं लिव, बाय.”